बिनरंगाचा साहेब

साहेब जन्मला इंग्लंडातल्या एका लॉर्डाच्या घरी, तिसरा मुलगा म्हणून. मी जन्मलो पेठ वडगावात, कापडाच्या दुकानामागच्या खोलीत, थोरला म्हणून. त्यांच्याकडं घर-जमीन सगळं थोरल्याला जायचं. धाकट्यांनी पलटणीत जायचं, नाहीतर पाद्री व्हायचं. साहेबासाठी घरच्यांनी पैसे भरून पलटणीतला हुद्दा विकत घेतला. तेव्हा तशी रीतच होती. मिसरूड फुटायच्या आत तो लाल कोट घालून युरोपातल्या कुठल्याशा चिखलात उभा राहिला. पुढं अमेरिकेच्या लढाईत त्याची फौज शरण गेली आणि तो कैदेत पडला. कैद्यांच्या अदलाबदलीची बोलणी करायला त्यालाच बसवलं, तेव्हा त्याच्या वरिष्ठांच्या ध्यानात आलं की हा गडी तलवारीपेक्षा जिभेनं जास्त कामाचा आहे. मग त्याला हिंदुस्थानात धाडलं, पुण्याच्या दरबारात वकील म्हणून. बायको तिकडंच राहिली. धाकटी मुलगी वारल्याची बातमी जहाजानं आली, तोवर त्या मातीवर गवतही उगवलं असेल.

हे सगळं मला पाठ आहे, कारण काही वर्षं मी साहेब होतो. नाटकात. त्याचं खरं नाव इतकं जिभेला न वळणारं होतं की तालमीत सगळे त्याला नुसतं साहेब म्हणत. इथंही तेच ठेवतो.

मला कोड आहे. आमच्या घरात हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारं घर. दोन्ही भाषांत त्याला 'ते' म्हणायचे. 'ते' वाढलंय का, 'ते' मानेवर आलंय का. कॉलेज सुटल्यावर मी दुकानात बसायला लागलो तेव्हा ते बोटांच्या पेरांवर आलं. एका बाईंनी खणाचं कापड माझ्या हातून घेतलं नाही. "दुसऱ्या कुणाला तरी उलगडायला सांगा की," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, त्या दिवसापासून मला मागच्या खोलीत मालावर ठेवलं. एका वैदूनं बावचीचा लेप दिला आणि लेप लावून उन्हात बसायला सांगितलं. मी गच्चीवर बसलो. संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांना फोड आले, द्राक्षासारखे. ते फुटून सुकायला पावसाळा गेला. डाग होते तिथंच राहिले आणि मग चहूकडं पसरले. पंचविशी ओलांडेपर्यंत माझ्या अंगावर पांढरं जास्त आणि सावळं कमी झालं.

कोल्हापुरात आलो ते यासाठीच. उद्यमनगरात एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची नोकरी मिळाली. लोखंडाच्या पार्टांना माझ्या हाताची अडचण नव्हती. लक्ष्मीपुरीत खोली घेतली. लग्नाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. कारखान्याच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत होतो, तेव्हा एक पिकल्या मिशांचा माणूस समोर येऊन उभा राहिला आणि मला खालीवर न्याहाळायला लागला. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, सगळे त्याला मास्तर म्हणत. हौशी नाटकं बसवायचा.

"पावणं, नाटकात काम करणार काय?"

"मला येत नाही."

"येत न्हाय म्हणून कोण मरतंय? आमच्या साहेबाला तर उभं ऱ्हायाबी येत न्हाय. रंग लावायला दोन तास घेतोय, आणि तिसऱ्या अंकात घाम आला की गळ्यापातूर इंग्रज आणि खाली बँकेतला क्लार्क. तुमचं काम तर तयारच हाय."

टपरीवाला फिसकन हसला. मी कप ठेवून चालायला लागलो. मास्तर मागं मागं आले.

"राग आला व्हय? यायलाच पायजे. तिसऱ्या अंकात रागबी लागतोय साहेबाला."

एवढ्या उघडपणे माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं. माणसं बघून नजर फिरवत. हा माणूस बघून कामाला लावत होता. मी गेलो.

नाटक दरबाराचं होतं. पहिल्या अंकात साहेब येतो, आणि तंग विजारीमुळं गादीवर मांडी घालता येईना म्हणून तिरका तिरका बसतो; तिथं हमखास हशा. दुसऱ्यात कट-कारस्थानं. तिसऱ्यात एका लहान जहागीरदाराची विधवा त्याच्याकडं येते, आणि तो तिला शब्द देतो की तह झाला तरी तिच्या गढीला कंपनी हात लावणार नाही. तिच्यासाठी तो आपल्याच वरिष्ठांवर संतापतो. टाळ्या. पडदा.

रंगपटात एक म्हातारे रंगभूषाकार होते. कोल्हापुरात सिनेमे जोरात बनायचे त्या काळी त्यांनी स्टुडिओत काम केलेलं. त्यांना सगळे मामा म्हणत. बाकीच्या गोऱ्या शिपायांना ते सफेदा थापायचे. माझ्या डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली सावळ्या कातडीची बेटं उरली होती, तेवढी बुजवायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्या सगळ्यास्नी मी साहेब करतो. तुला नुसता पुरा करायचा."

पहिल्या प्रयोगानंतर एक बाई आत आल्या आणि त्यांनी माझा हात आपणहून हातात घेतला. "काय काम केलंय ओ!" हात सोडल्यावर त्यांनी हळूच स्वतःचा तळवा बघितला, रंग लागलाय का म्हणून. लागला नव्हता. त्यांना मामांचं कौतुक वाटलं. मी त्या रात्री खोलीवर आल्यावर बराच वेळ हात धुतला नाही. हे आज लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

साहेबाचा नाद लागला तो तिथून. गावातल्या वाचनालयात त्याचं इंग्रजी चरित्र होतं, जाडजूड, कुणी न नेलेलं. डिक्शनरी घेऊन रविवारी बसायचो. मास्तरांनी नाटक तहापाशी संपवलं होतं, पण साहेब तहानंतरही जगला होता. कंपनीनं दुसऱ्याच वर्षी त्या विधवेची गढी घेतली. तिनं साहेबाकडं माणूस पाठवला. साहेबाचा तळ तिथून लांब नव्हता. त्यानं प्रकृती बरी नसल्याचं कळवलं आणि तंबूतून बाहेर आला नाही. चरित्रकारानं हे चार ओळींत उरकलं होतं. पुढं पेन्शन, संधिवात आणि गुलाबाची बाग यांवर आख्खं प्रकरण.

मी मास्तरांना सांगितलं.

"ते नाटकात बसत न्हाय," मास्तर म्हणाले. "लोकं तिकीट काढून शब्द पाळणारा साहेब बघाय येत्यात. न पाळणारी घरात हायतच की."

आता माझ्या बहिणीबद्दल सांगतो. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे, आणि तिच्याबद्दल लिहिणं मी इतका वेळ टाळत आलो आहे.

ती माझ्याहून बरीच लहान. मला अण्णा म्हणायची. घरात 'ते' झाल्यावर माझं ताट वेगळं झालं नव्हतं, पण माझ्या ताटातलं उचलून खाणारी तीच एक. तिच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा दोन स्थळं आली, पसंती झाली, आणि मग गावातल्या कुणीतरी कानात सांगितल्यावर गप्प झाली. तिसऱ्या वेळी अव्वानं, म्हणजे आईनं, मला निरोप धाडला: पाहुणे येतील तेव्हा तू कोल्हापुरातच राहा. मी राहिलो. मुलाकडचे चंदगडकडचे होते, काजूचा छोटा कारखाना. त्यांना सांगितलं गेलं की थोरला कोल्हापुरात नोकरीला आहे आणि नाटकात साहेब होतो.

मुलाचे वडील नाटकवेडे निघाले. रविवारी दुपारच्या प्रयोगाला, न कळवता, सगळे येऊन बसले. प्रयोग संपल्यावर रंगपटाच्या दारात एक फेटेवाले गृहस्थ उभे. मागं त्यांची बायको आणि मुलगा.

"आमी चंदगडचं पावणं. तुमच्या बहिणीचं जमवतोय न्हवं!" ते माझ्याजवळ आले, माझी बोटं धरून उलटी-सुलटी करून बघितली. "आयला! बोटांची पेरंसुदिक सोडली न्हाईत! काय रंगवलंय! जावा, धुऊन या, फोटो काढू एक सगळ्यांचा."

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं. एकदा खरं सांगायची ती वेळ होती, आणि ते ऐकून कदाचित त्या माणसानं माझा हात सोडलाही नसता. मला आज असं वाटतं. तेव्हा मला फक्त दोन मोडलेली स्थळं दिसत होती.

"हा रंग लगेच निघत नाही," मी म्हणालो. "खोबरेल लावून ठेवावं लागतं."

"रातभर," मामा म्हणाले.

"मग राहू द्या. साहेबासंगंच काढू फोटो!" ते खूश झाले. तसाच फोटो निघाला. मी लाल कोटात, मधोमध.

लग्न वैशाखात वडगावलाच ठरलं. सगळ्यांचं मत पडलं की मी आजारी आहे असं सांगावं. बहीण स्वतः कोल्हापुरात आली, खोलीवर.

"मामांकडनं उलटा रंग लावून ये," ती म्हणाली. "पण ये."

"उन्हाचं गळंल."

"गळू दे. मी कुणाकडं बघून रडायचं मग?"

मामांनी पहाटे माझ्या चेहऱ्याला, मानेला आणि हातांना सावळा रंग लावला. माझाच पूर्वीचा रंग त्यांनी अंदाजानं जुळवला होता. आरशात बघितलं तर आप्पा दिसले. मंडपात मी सावली धरून उभा राहिलो, कुणाशी हात मिळवला नाही. पण कानपिळीला वधूच्या भावाला बोलावतात. नवरदेवाचा कान पिळून बहिणीला नीट सांभाळ म्हणायचं आणि मानाचं कापड घ्यायचं. चुलतभावाला पुढं करायचं ठरलं होतं. तो ऐन वेळी जेवणाच्या पंगतीत अडकला. सगळे माझ्या नावानं ओरडायला लागले. कुणीतरी पाठीत ढकललं.

"जोरात पिळा ओ साहेब! आमचा पोरगा लई द्वाड हाय!" नवरदेवाचे वडील.

मी कान धरला. बोटांना घाम होता. सोडला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळीवर तपकिरी डाग उमटला होता, आणि माझा अंगठा आणि तर्जनी टोकापर्यंत पांढरी झाली होती. त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं. मग माझ्याकडं. हसला नाही, रागावलाही नाही. उपरण्याच्या टोकानं कान पुसला आणि ते टोक आत दुमडून घेतलं.

त्याला कळलं होतं. त्यानं तिथं तोंड उघडलं नाही, पण कधीतरी उघडेल, आणि ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी माझी बहीण बोचकं घेऊन वडगावच्या स्टँडवर उतरेल, असं मी मनात धरून बसलो. माझं तोंड त्या घरात दिसलं नाही तर कदाचित तो दिवस येणार नाही, हाही हिशोब मीच मांडला. कुणी मला सांगितलं नव्हतं.

पहिल्या भाऊबीजेला तिनं बोलावलं. गावच्या टेलिफोन बूथवरून फोन, कारखान्यात.

"शो आहे," मी म्हणालो. त्या वर्षी खरंच होता.

दुसऱ्या वर्षीही होता. नंतर मास्तरांचे गुडघे गेले, मामा वारले, आणि नाटक बंद पडलं. लाल कोट मास्तरांच्या माळ्यावर गेला. माझ्या बहिणीसाठी मात्र ते चालूच राहिलं.

"यंदाबी शो?"

"हो."

"कुठं?"

"सांगलीला."

"बरंय बाई. किती वर्षं चालतंय रे तुझं नाटक!" तिच्या आवाजात अभिमान होता का टोमणा, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी साडी पाठवायचो, चुलतभावाच्या हाती.

दरम्यान माझ्यातली शेवटची बेटंही बुडाली. नवं शतक लागलं तेव्हा मी आपादमस्तक एका रंगाचा झालो होतो. भुवया पांढऱ्या, केस भुरके. स्टँडवर उतरलं की रिक्षावाले धावत यायचे, "हॅलो सर! टेंपल? टेंपल?" मी म्हणायचो, "लक्ष्मीपुरीला घे की रे, मीटरनं." ते इतके हसायचे की काही जण पैसेच घ्यायचे नाहीत. रंकाळ्यावर भेळ खाताना पोरं शेजारी उभी राहून फोटो काढायची. एकानं विचारलं, "मराठी कुठं शिकला ओ?" वडगावात, म्हणालो. त्याला ते इंग्लंडातलं गाव वाटलं असावं. या गमती सांगायला कुणी नसायचं. खोलीवर येऊन कुलूप काढायचं, दिवा लावायचा. पन्हाळ्यावर कुठल्या मालिकेचं शूटिंग असलं की मला बोलवायचे. इंग्रज म्हणून मागं उभं राहायचं, जेवणाच्या सुट्टीत "ए इंग्रज, भात घे" ऐकायचं, परत यायचं. तेवढाच काय तो माणसांचा आवाज.

बहिणीला मुलगी झाली होती. तिचं बारसं झालं, शाळा सुरू झाली, मी फोटो बघत होतो. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या तोंडाला फोन आला. आता त्यांच्या घरात फोन होता, आणि माझ्या खोलीतही. बोलणाऱ्या बहिणीच्या सासूबाई होत्या. त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

"पावणं, बरं हाय न्हवं? एक इचारायचं हुतं. पोरीच्या ओठाशेजारी पांढरं आलंय. तुमच्याकडं कुणाला हुतं काय असलं? न्हाय म्हंजे, काय औषध केलंतासा? इथं एक जण बावचीचा लेप देतोय. उन्हात बसवायचं म्हणतोय. लावू काय?"

त्यांनी सगळं सरळ विचारलं होतं. मला मात्र त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं: तुमच्याकडं कुणाला होतं काय. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होतो तो आला असं वाटलं.

"आमच्याकडं कुणालाच नाही," मी म्हणालो.



"कुणालाच न्हाय?"

"नाही."

"म्हंजे ह्या लेपाचं तुम्हाला काय म्हाईत न्हाय."

आता माहीत आहे म्हटलं तर आधीचं खोटं पडत होतं. "नाही," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नाही."

मग फोन बहिणीनं घेतला. सासूबाई तिथंच असाव्यात, कारण ती फक्त एवढंच म्हणाली, "अण्णा, पोरगी शाळेला जात न्हाय. यंदा तरी ये. एकदा बघू दे तिला तुला."

"शूटिंग आहे," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर तो पुन्हा उचलायला काहीच हरकत नव्हती. बावची लावू नका, तिनं भाजतं, एवढंच बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशीही उचलता आला असता, तिसऱ्या दिवशीही. मी स्टोअरमध्ये बसलो, पार्ट मोजले, संध्याकाळी डबा खाल्ला. साहेबानं प्रकृती बरी नसल्याचं कळवलं तेव्हा तंबूत बसून त्यानं काय केलं असेल, हा प्रश्न मला चरित्र वाचताना पडला होता. बहुतेक जेवला असेल.

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. ती रडत नव्हती. "गाल भाजला पोरीचा," म्हणाली. "बेळगावला नेऊन पट्टी करून आणलंय. आता आलास तरी चालंल, न्हाय आलास तरी चालंल."

मी पहाटेची एस.टी. धरली.

पुढचं आधी सांगून टाकतो. बहिणीचा संसार मोडला नाही. ओठाशेजारचा डाग होता तेवढाच राहिला, आजही मसुराएवढाच आहे, लक्ष देऊन बघितला तरच दिसतो. गालावरची भाजल्याची खूण मात्र पहिल्यांदा तीच दिसते. मुलगी आता कॉलेजात आहे.

मी पोचलो तेव्हा दुपार होती. अंगणात काजूबिया वाळत घातल्या होत्या. सासूबाई त्या पसरत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि मी कोण ते त्यांना एका क्षणात कळलं. तरी मी सांगितलं, "मी पोरीचा मामा." बिनरंगाचा मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उभा होतो. आता ओरडतील, फसवलंत म्हणतील, बहिणीला हाक मारून अंगणात उभं करतील, असं सगळं मी एस.टी.त मनाशी घोकून आलो होतो. त्याला काय उत्तर द्यायचं तेही.

त्या म्हणाल्या, "म्हंजे तुम्हाला लेपाचं ठावं हुतं."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. मनगटावर फोडांच्या जुन्या खुणा आहेत. पांढऱ्या कातडीवरही दिसतात.

दाजी, माझ्या बहिणीचा नवरा, आतून आले. खुर्ची ठेवली. बसा म्हणाले. त्यांचा आवाज वरचा नव्हता.

"मला लग्नातच कळलंवतं ओ. आईला त्याच वर्षी सांगितलं. आई म्हणाली, आसंल, त्यात काय. हिला बोललो न्हाय, हिला वाटायचं आमाला ठावं न्हाय, तर कशाला लाजवा. म्हटलं, अण्णा कधीतरी येतील, तवा आपसूक निघंल विषय. तुमी आलाच न्हाय."

"मग फोनवर विचारलं ते..." मी सासूबाईंना म्हणालो.

"ठावं हुतं म्हणूनच इचारलं की!" त्यांचा आवाज आता चढला. "सून शेजारी उभी, नाव घेऊन कसं इचारू? म्हटलं, ज्याला झालंय त्याला औषधाचं कळंल. तुमी म्हणाला कुणालाच न्हाय. मग मी लावलं. माझ्या ह्या हातानं लावलं मी!"

त्या बिया तशाच टाकून मागच्या दारी गेल्या. बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. हे सगळं तीही पहिल्यांदाच ऐकत होती. ती नवऱ्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. इतकी वर्षं तीही, गावाकडचं कुणी येऊन माझ्याबद्दल बोलून जाईल म्हणून, सणावाराला दारातल्या प्रत्येक पावलाला दचकत होती, हे मला तेव्हा तिच्या तोंडाकडं बघून कळलं. म्हणजे मी आलो असतो तर एका दुपारीच तिची सुटका झाली असती. तिनं मला पाणी आणून दिलं, आणि सासूच्या मागं गेली.

दाजी कारखान्यात गेले. अंगणात मी आणि बिया.

बऱ्याच वेळानं पोरगी बाहेर आली. गालावर पट्टी. ती लांबच उभी राहिली आणि मास्तरांनी बघितलं होतं तसं मला खालीवर बघितलं, लपवाछपवी न करता.

"तुमचं सगळं असंच हाय? पोटाबिटावरबी?"

"हो."

"दुखतंय?"

"नाही. कधीच दुखलं नाही."

"मग मला का दुखलं?"

"ते औषधानं. त्या लेपानं भाजतं."

ती जवळ येऊन खुर्चीशेजारी उकिडवी बसली. माझ्या मनगटावरच्या खुणेवर तिनं बोट ठेवलं. मग मी तिला सांगितलं. वडगावची गच्ची, वैदू, फोड कसे आले, खण न घेणाऱ्या बाई, मागची खोली, सगळं. मी हे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं आणि मला ते एवढं सलग सांगता येतं हेही मला माहीत नव्हतं. ती मधे मधे मान हलवत होती. फोड फोडायचे नसतात ना, म्हणाली. नाही, म्हणालो. मग ती तिच्या बोटाखालच्या खुणेकडं बघत राहिली.

"हे फोनवर सांगायचं हुतं की," ती म्हणाली.

बोट काढून घेतलं, उठली आणि आत गेली. परतीची एस.टी. संध्याकाळी होती. मी अंगणात बसून राहिलो. ऊन बियांवरून सरकत गेलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, सासू-सुनेचं हळू बोलणं येत होतं. कुणी आत या म्हणालं नाही, जा असंही कुणी म्हणालं नाही.